काळ्या मातीतली जलबाग

मखमलाबादच्या शिवारात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला काळ्या मातीचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया खालच्या मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात, हे इथला कुठलाही गवंडी सांगेल. परसात तळे करायचे म्हटले की हाच स्वभाव पुन्हा आडवा येतो. विटा-सिमेंटचा हौद काळ्या मातीत बसवला की ती त्याला दर पावसाळ्यात रेटते आणि दर उन्हाळ्यात सोडते. मग चिरा पडतात आणि त्या बुजवणे हे दरवर्षीचे काम होऊन बसते. त्यामुळे नाशिकच्या जमिनीत परसातल्या तळ्याला लवचीक अस्तरच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अस्तर शोधायला दूर जावे लागत नाही. निफाड, सिन्नर, चांदवड या तालुक्यांतल्या द्राक्षांच्या आणि डाळिंबांच्या बागा ज्या शेततळ्यांवर तगतात, त्या शेततळ्यांत अंथरला जाणारा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद परसातल्या लहान तळ्यालाही उत्तम चालतो आणि हवा तेवढा कापूनही मिळतो.

तळ्याची जागा ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळावे, कारण त्याखेरीज वॉटर लिली फुलत नाही, आणि वर मोठ्या झाडाची फांदी नसावी. कडुनिंब, गुलमोहर, उंबर ही झाडे कितीही प्रिय असली तरी त्यांची पाने आणि फळे पाण्यात कुजत राहतात आणि त्या कुजण्यातून निघणारे अन्न शेवाळाला मिळते. दुपारी तीननंतर भिंतीची किंवा शेवग्याची विरळ सावली पडत असेल तर ती मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये उपकारकच ठरते.

खोली ६० सेंटिमीटर पुरते. त्याहून उथळ तळे उन्हाळ्यात फार तापते. त्याहून खोल तळ्याची लिलीला गरज नसते आणि घरात मुले असतील तर ते अधिक धोक्याचे होते. एका बाजूला काठापासून २५ सेंटिमीटर खाली एक रुंद पायरी ठेवावी, म्हणजे काठावरच्या वनस्पतींच्या कुंड्या तिथे बसतात. कागद किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही काठांवर दाबण्यासाठी ३०-३० सेंटिमीटर धरायचे, रुंदीचेही तसेच. म्हणजे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल तळ्याला ४.८ मीटर बाय ३.८ मीटर कागद लागतो. पायरी आणि उताराच्या कडा वजा जाता अशा तळ्यात साधारण ३००० लिटर पाणी मावते. कागद अंथरण्यापूर्वी खड्ड्यातले अणकुचीदार दगड आणि मुळे वेचून काढावीत, तळाशी दोन बोटे बारीक वाळू पसरावी आणि तिच्यावर जुन्या सतरंज्या किंवा गोणपाट घालावे. आपल्या मुरुमातले खडे धारदार असतात आणि पाण्याचा भार पडला की कागद खालून टोचला जातो.

काठ सर्व बाजूंनी एका पातळीत असणे फार महत्त्वाचे आहे. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पातळी काढतात, तीच पद्धत इथे वापरावी; नुसत्या नजरेने सपाट वाटणारी जमीन चार-पाच सेंटिमीटरने सहज कललेली निघते आणि मग एका बाजूला कागद उघडा पडून उन्हाने कडक होतो. एका कोपऱ्यात मात्र मुद्दाम थोडा उतार ठेवून सांडवा काढावा. जुलैच्या झडीत तळे भरून वाहणारच. ते पाणी कुठे जावे हे आपण ठरवले नाही तर ते घराच्या पायाकडे जाते. माझ्याकडे सांडव्याच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ लावली आहे. जुन्या घरांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ हीच मंडळी असत, आणि त्यात मोठे शहाणपण होते, कारण ही झाडे पाण्यात विरघळलेले खत झपाट्याने उचलतात. तळ्याच्या पाण्यावरचा अळू वड्यांना पुरून उरतो.

तळे भरताना पाणी कोणते आहे याचा विचार करावा. गंगापूर धरणाचे पाणी महापालिकेच्या नळातून येते तेव्हा त्यात निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन असतो; तो वनस्पतींना फारसा बाधत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना बाधतो, म्हणून पाणी दोन दिवस उघडे ठेवल्याखेरीज त्यात जीव सोडू नये. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि काठावर पांढरी पुटे धरते. सर्वांत उत्तम ते पावसाचे. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने १००० लिटर पाणी मिळते. आषाढातल्या दोन-चार चांगल्या सरींत तळे भरून होते. खड्डा मे महिन्यात खणून ठेवावा आणि तळे गच्चीच्या पन्हाळीवर भरू द्यावे, असे मी म्हणते ते याच कारणाने.

आता वनस्पतींकडे येते. माझा जीव खरा तिथेच रमतो.

कमळ आणि वॉटर लिली यांत पुष्कळांची गल्लत होते, आणि रोपवाटिकेतही कित्येकदा दोन्ही कमळ म्हणूनच विकली जातात. ओळखायला पान पाहावे. लिलीचे पान पाण्यावर सपाट तरंगते आणि त्याला देठाच्या जागेपासून कडेपर्यंत एक खाच असते. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ त्याच्या मधोमध जोडलेला असतो, मोठी पाने पाण्याच्या वर उचललेली असतात आणि त्यांच्यावर पाणी थेंब होऊन घरंगळते. हा भेद लागवडीतही महत्त्वाचा आहे. कमळाचा कंद धावरा असतो. तळ्याच्या तळाशी मोकळी माती पसरून त्यात लावला तर एका मोसमात तो सगळे तळे व्यापतो आणि इतर कशालाही जागा ठेवत नाही. म्हणून त्याला दीड-दोन फूट रुंदीचे, तळाला भोक नसलेले स्वतंत्र टब द्यावे. कंद लावताना त्याचे टोक मोडणार नाही याची फार काळजी घ्यावी, कारण वाढ तिथूनच होते. बियांपासून कमळ करायचे तर टणक कवच एका बाजूने पांढरा गर दिसेपर्यंत कानशीने घासावे लागते. न घासलेले बी पाण्यात दीर्घकाळ तसेच पडून राहते.

मातीबद्दल एक आग्रहाचे सांगणे आहे. बागकामासाठी विकत मिळणारे कोकोपीट घातलेले हलके मिश्रण तळ्यात वापरू नये, कारण कोकोपीट तरंगते आणि पाणी तपकिरी करते. इतर झाडांसाठी ज्या काळ्या मातीला आपण नावे ठेवतो तीच जड, चिकट, निथळायला नाखूश असलेली माती लिलीला आणि कमळाला मनापासून मानवते. टबाच्या तळाशी मूठभर पूर्ण कुजलेले शेणखत, त्यावर काळी माती आणि सर्वांत वर दोन बोटे धुतलेली बारीक खडी, एवढे पुरे. खडीमुळे माती पाण्यात विरघळत नाही आणि मासे ती उकरत नाहीत. मोसमात महिन्यातून एकदा थोडे खत कागदाच्या पुडीत बांधून मातीत खोल खुपसावे. पाण्यात खत कधीही टाकू नये; ते लिलीला मिळण्याआधी शेवाळाला मिळते.

लिलीचे फूल साधारण तीन-चार दिवस टिकते. दिवसा फुलणाऱ्या जाती सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. रात्री फुलणाऱ्या जाती तिन्हीसांजेला उमलून दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत उघड्या राहतात. नोकरीमुळे दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी रात्री फुलणारी एक तरी लिली अवश्य लावावी, नाहीतर आपल्याच तळ्यातली फुले त्यांना रविवारपुरतीच भेटतील. पहिल्या दिवशीच्या फुलात डोकावून पाहिले तर मधोमध एका उथळ वाटीत चकाकणारा द्रव दिसतो. त्या दिवशी फूल फक्त स्त्री-अवस्थेत असते. आधी दुसऱ्या फुलावरून परागकण घेऊन आलेली मधमाशी त्या द्रवात घसरते, अंगावरचे पराग तिथे धुतले जातात आणि कधी कधी ती त्यातच बुडून मरते. दुसऱ्या दिवसापासून तो द्रव नसतो, पुंकेसर उघडतात आणि तेच फूल पराग देऊ लागते. स्वतःचे पराग स्वतःवर पडू नयेत म्हणून वनस्पतीने केलेली ही योजना आहे. ती आपल्या परसात, गुडघे टेकून, कुठल्याही उपकरणाशिवाय पाहता येते, याचे मला अजून अप्रूप वाटते.

लिली आणि कमळ यांखेरीज दोन प्रकारच्या वनस्पती हव्यातच. पहिल्या पाण्याखाली राहणाऱ्या, म्हणजे हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवॉर्ट. त्या दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतात आणि पाण्यातले विरघळलेले अन्न थेट पानांवाटे शोषतात. दुसऱ्या काठावरच्या, म्हणजे वेखंड, ब्राह्मी, नागरमोथा. पाणकणीस दिसायला देखणे असले तरी त्याचे कंद टोकदार असतात आणि कागदाला भोक पाडू शकतात, म्हणून ते जाड टबातच ठेवावे. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला; तिथे पक्षी पाहायला जाणाऱ्यांना काठावरची हिरवाई पाहून रोप उपटून आणण्याचा मोह होऊ शकतो. ते अभयारण्य आहे. तिथून काडीही उचलू नये. हव्या त्या वनस्पती रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या तळ्यात मिळतात.

तळे भरून झाले की साधारण पंधरवड्यात पाणी हिरवे होते, आणि बहुतेक जण इथेच धीर सोडतात. पाणी उपसून टाकतात, तळ घासतात, नवे पाणी भरतात, आणि ते पुन्हा हिरवे होते. त्याचे कारण समजून घेतले तर पुढचा सगळा त्रास वाचतो. माशांची विष्ठा आणि कुजणारी पाने यांपासून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात; हे नायट्रेट वनस्पतींचे अन्न आहे. या जिवाणूंची वस्ती दगडांवर, खडीवर, कुंड्यांच्या बाहेरच्या बाजूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याच काळात लिलीची पाने अजून थोडी असतात, पाण्यावर ऊन भरपूर पडते आणि मोकळे अन्न व मोकळे ऊन दोन्ही शेवाळाच्या वाट्याला येतात. पाणी उपसून तळ घासला की जिवाणूंची वस्ती पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. म्हणून पाणी बदलू नये. पाने वाढू द्यावीत. तळ्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की शेवाळाचे ऊन तुटते आणि पाणी आपोआप नितळते. तोवर तंतूंचे शेवाळ काठीला गुंडाळून काढावे आणि झाडांच्या बुंध्याशी टाकावे. शेवाळ मारण्याची औषधे मी कटाक्षाने टाळते. मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते आणि कुजताना ऑक्सिजन खाते.

याच कारणाने मासे पहिल्या सहा आठवड्यांत फार सोडू नयेत, आणि नंतरही थोडेच ठेवावेत. कोई माशांची हौस समजू शकते, पण ते मोठे होतात, लिलीची मुळे उकरतात आणि त्यांना यंत्राने गाळलेले भरपूर पाणी लागते. ३००० लिटरच्या जलबागेत त्यांना आणू नये. गप्पी, झेब्रा आणि फार तर तीन-चार गोल्डफिश पुरेत. उन्हाळ्यात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७, आणि समुद्रसपाटीहून बऱ्याच उंचीवर असलेल्या नाशिकला त्याहूनही थोडा कमी. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत कठीण. मे महिन्यात सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर तो धोक्याचा इशारा समजावा आणि झारीने उंचावरून पाणी सोडावे किंवा लहान पंप चालू करावा. पंप बसवला तर त्याच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. पाणी आणि वीज एकत्र असताना इथे काटकसर करू नये.

शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न डासांचाच असतो आणि तो रास्त आहे. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मात्र मासे असलेल्या तळ्यात डासांच्या अळ्या वाचत नाहीत, कारण श्वास घ्यायला त्यांना पृष्ठभागावर यावे लागते आणि तिथेच गप्पी त्यांना टिपतात. आपल्या राज्यातल्या महापालिका गप्पी मासे सोडण्याची मोहीम राबवतात ती याच भरवशावर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, टायर, गच्चीवरचे उघडे डबे असले लहान साठेच पसंत करतो. आठवड्यातून एक दिवस हे सगळे कोरडे करण्याचा नियम तळे असो वा नसो पाळावाच. तळ्याने डासांचे शत्रूही वाढतात. चतुर आणि टाचण्या यांची पिल्ले पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. मोठी झाली की वेखंडाच्या पात्यावर चढून कात टाकतात आणि उडून जातात. त्यासाठी पाण्यातून वर आलेली काही पाती नेहमी ठेवावी लागतात. काठ अगदी चकचकीत साफ केला तर चतुरांना चढायला जागाच उरत नाही.

बेडूक बोलावल्याशिवाय येतात, आणि बेडकांच्या मागे कधीतरी पाणदिवडही येतो. तो बिनविषारी साप आहे. त्याला मारू नये. खंड्या आणि ढोकरी आले तर दोन-चार मासे जाणार, हे धरूनच चालावे. कासव मात्र तळ्यात ठेवू नये. देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आणि दुकानात मिळणारी परदेशी कासवे मोठी झाल्यावर नदीत सोडली जातात आणि तिथल्या जिवांच्या मुळावर येतात.

फवारणीचा प्रश्न मखमलाबादसारख्या द्राक्षांच्या भागात विशेष आहे. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके माणसाला त्या मानाने सौम्य असली तरी माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. बागेत फवारणी असेल किंवा गल्लीत धुराची गाडी येणार असेल तर तळ्यावर जुने कापड टाकून ठेवावे, इतका हा उपाय साधा आहे. लिलीच्या पानांवर मावा पडला तर पाण्याच्या धारेने तो खाली पाडावा. मासे तो खातात. तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दलही इथेच सांगते, कारण नाशिक त्या भांड्यांचे गाव आहे आणि जुन्या घंगाळात लिली लावण्याची कल्पना कोणालाही सुचते. फुलांसाठी ती चालेल, पण त्यात मासे आणि गोगलगायी ठेवू नयेत; विरघळणारे तांबे त्यांना विषासारखे आहे.

पाणी किती लागते, हा प्रश्न ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत तिथे स्वतःला विचारलाच पाहिजे. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर ६ चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ४८ लिटर, म्हणजे तीन बादल्या पाणी उडते. तेवढ्याच आकाराची हिरवळ जिवंत ठेवायलाही साधारण एवढेच पाणी लागते, हे खरे. पण पृष्ठभाग लिलीच्या पानांनी झाकलेला असला आणि दुपारनंतर वर विरळ सावली असली तर ही घट कमी होते. म्हणून मी हिरवळ काढून टाकली आणि तळे ठेवले. एप्रिलपासून भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बागेला जाते आणि बागेच्या वाटणीचे स्वच्छ पाणी तळ्याला.

थंडीत काम थोडे असते. निफाडच्या नीचांकी तापमानाच्या बातम्या येऊ लागल्या की लिलीची पाने लहान होतात, कमळाची पाने पिवळी पडून वाळतात आणि मासे मंदावतात. त्यांना खाणे निम्म्यावर आणावे, कारण न खाल्लेला दाणा कुजतो. लक्ष्मीपूजनाला घरचे कमळ हवे असेल तर शेवटचे खत गणपतीच्या सुमारास द्यावे. दिवाळीनंतर द्यायचे नाही. मग फेब्रुवारीच्या अखेरीस, उन्हात बळ आले की, टब बाहेर काढून कंद विभागावेत, जुनी माती फुलझाडांना द्यावी आणि नवी भरावी. तळाचा गाळ तेव्हाच अर्धा काढावा. सगळा नाही, कारण त्यात जिवाणू आणि चतुरांची पिल्ले असतात. लहान मुले घरी येत असतील तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, मुलाचे वजन पेलेल अशी लोखंडी जाळी बसवावी. कमळाची पाने तिच्यातून वर येतात.

विभागणी झाली की कंद उरतात. ते शेजाऱ्यांना, शाळेला, ओळखीच्यांना द्यावेत. उरलेला पाला, शेवाळ आणि विशेषतः अझोला किंवा पाणवेली (जलपर्णी) यांचा एकही तुकडा नाल्यात जाऊ देऊ नये. गोदावरीच्या पात्रात नाशिकपासून खाली पसरणाऱ्या पाणवेली आपण सगळे पाहतो. ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली असून अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते. जांभळी फुले सुंदर आहेत म्हणून कोणी ती कुंडीत देऊ केली तर नम्रपणे नको म्हणावे. गप्पी मासेही फार वाढले तर नदीत, विहिरीत किंवा पाझर तलावात सोडू नयेत. ज्यांच्याकडे लिलीचे टब आहेत त्यांना द्यावेत. पाला मात्र फरशीवर कडक उन्हात आठ दिवस वाळवावा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावा.